डी-डायमर १.८ वरून ६४० झाला म्हणजे काय? फ्लू-कोविडमध्ये रक्त का गोठतं, आणि गोळी कधी लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूरकडचे एक भाऊ आहेत, वडिलांचं, म्हणजे आबांचं, वय ६६, बीपी आणि शुगर दोन्ही. ताप-खोकला होऊन धाप लागली म्हणून धुळ्याला अ‍ॅडमिट केलं, टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, निघाला, दोन्ही फुफ्फुसात न्यूमोनिया, चार दिवस ऑक्सिजन लागला आणि रोज पोटात एक इंजेक्शन दिलं. सुटी झाली त्या दिवशी डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊन विरघळतायत का ह्याचा अंदाज देणारी टेस्ट, १.८ होता. घरी आल्यावर नवव्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये परत केला तर ६४०! पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो लगेच इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) आणि अ‍ॅपिक्साबॅन ह्या रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने चालू करा. आईला वाटतं हे सगळं कोविशिल्डमुळे. आणि लहान भावाला दोन दिवसांपासून ताप आहे तर लॅबवाला त्याचाही डी-डायमर पॅकेजमध्ये करून देतो म्हणतोय.

भाऊ, आधी ते ६४० मिटवू, कारण तुमच्या घरातली निम्मी घबराट त्या एका आकड्याची आहे. दोन्ही रिपोर्टचे फोटो टाकले ते फार बरं केलं. धुळ्याच्या रिपोर्टवर आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात मायक्रोग्रॅम प्रति मिली, एफईयू (फायब्रिनोजेनच्या हिशेबातलं एकक) असं लिहिलंय आणि नॉर्मल ०.५ च्या आत. गावातल्या रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिली, डीडीयू (नुसत्या डी-डायमरच्या हिशेबातलं एकक), आणि नॉर्मल २५० च्या आत. ही दोन वेगळी मापं आहेत. १.८ मायक्रोग्रॅम म्हणजे १८०० नॅनोग्रॅम, आणि डीडीयूचा आकडा साधारण दुप्पट केला की एफईयू येतो, म्हणजे तुमचे ६४० झाले १२८०. आबांचा डी-डायमर १८०० वरून १२८० च्या आसपास आलाय, कमी झालाय भो, वाढलेला नाही. दोन कंपन्यांची किट तंतोतंत जुळत नाहीत म्हणून 'आसपास' म्हणतोय, पण दिशा उतरतीच आहे. हा गोंधळ एकट्या तुमचा नाही, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रोज कुणीतरी '०.९ चा ४०० झाला डॉक्टर' म्हणत रिपोर्ट घेऊन धावत यायचं, आणि लॅबवाले तो एकक मोठ्या अक्षरात का छापत नाहीत हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अजून एक लॅबचीच गोष्ट सांगून टाकतो. ही टेस्ट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात सायट्रेट असतं आणि रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत भरावं लागतं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, सुई दोनदा-तीनदा फिरवली, रक्त थेंब थेंब आलं, तर ट्यूबमध्येच बारीक गुठळी धरते आणि रिपोर्ट भरवशाचा राहत नाही. म्हणून आकडा एकदम विचित्र आला आणि माणूस मात्र समोर बसून चहा पितोय, तर आधी सँपल परत घ्यायचं, मग घाबरायचं.

आता डी-डायमर म्हणजे नेमकं काय. जखम झाली किंवा रक्तवाहिनीला आतून इजा झाली की फायब्रिन नावाचे धागे विणून शरीर जाळी तयार करतं, गुठळी म्हणतो ती हीच. काम झालं की प्लाझमिन नावाचं एन्झाइम ती जाळी कापतं आणि तिचे जे तुकडे रक्तात फिरतात ते डी-डायमर. म्हणजे आकडा एवढंच सांगतो की शरीरात कुठेतरी जाळी विणली जातेय आणि कापलीही जातेय. कुठे, ते सांगत नाही. केवढी गुठळी, तेही नाही. न्यूमोनिया, डेंग्यू, मलेरिया, साप चावणं, हाड मोडणं, ऑपरेशन, गरोदरपण, कॅन्सर, किडनी कमजोर असणं, नुसतं वय वाढणं, ह्या सगळ्यात तो वाढतो. वयाचं तर साधं गणित आम्ही वापरतो, पन्नाशीनंतर वय गुणिले दहा, म्हणजे आबांच्या वयाला एफईयूमध्ये ६६० पर्यंत चालतो. हे गणित फक्त ज्याच्यात गुठळीची शंका मुळात कमी आहे त्याच्यात गुठळी नाही असं म्हणायला आहे हां, उलटं नाही, ६६० च्या वर गेला म्हणजे गुठळी आहेच असं त्यातून निघत नाही. टेस्टचा खरा उपयोगच 'नॉर्मल आला तर सुटलो' असा आहे. नऊ दिवसांपूर्वी ज्याची दोन्ही फुफ्फुसं सुजलेली होती त्याच्या छातीत अजून दुरुस्ती चालू आहे, तिथले धागे निघतायत, त्याचा १२८० येणं ह्यात नवल काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला काहीही नवीन त्रास नसताना ती टेस्ट परत करायची गरजच नव्हती.

मग हॉस्पिटलवाले तरी का करतात? कारण अ‍ॅडमिट होताना हा आकडा आजार किती जोरात आहे ह्याचा अंदाज देतो. हे कोविडमध्ये पहिल्यांदा ठळक दिसलं. वुहानमधून २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्येच दोन अभ्यास आले. एकात १८३ पेशंट होते, त्यात दगावलेल्या २१ पैकी १५ जणांची रक्त गोठण्याची सगळी यंत्रणा कोलमडलेली होती आणि वाचलेल्या १६२ मध्ये असा एकच. दुसऱ्यात १९१ पेशंट, अ‍ॅडमिट होतानाच ज्यांचा डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या वर होता त्यांच्यात मृत्यूची शक्यता, ऑड्स म्हणतात त्या हिशेबात, अठरा पट निघाली. मग नेदरलँड्समधून आयसीयूतल्या १८४ पेशंटचा रिपोर्ट आला, सगळ्यांना गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन चालू असतानाही ३१ टक्के लोकांना गुठळीचा त्रास झाला, बहुतेक फुफ्फुसात. हे वाचल्यावर आम्हा सगळ्यांची झोप उडाली होती, कारण तोपर्यंत आमच्या डोक्यात हा फुफ्फुसाचा आजार होता आणि इथे तर तो रक्तवाहिन्यांचा निघाला.

व्हायरस छातीत आणि रक्त का गोठावं, हे समजायला आपल्याकडचा साप बरा. खान्देशात कापसात, केळीत घोणस-फुरसं चावलेला पेशंट आला की आम्ही काय करतो, कोऱ्या कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेतो, टेबलावर ठेवतो आणि वीस मिनिटं त्याला हात लावत नाही. सिस्टर घड्याळ बघत बसते, नातेवाईक त्या ट्यूबकडे. वीस मिनिटांनी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं की समजायचं विषानं गोठवणारं सगळं सामान वापरून संपवलंय, अँटीव्हेनम चालू करा. तिथे फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिनचे धागे बनतात ते, संपलेलं असतं, म्हणून हिरड्यातून, लघवीतून रक्त येतं. कोविडमध्ये चित्र उलटं. फायब्रिनोजेन कमी व्हायच्या ऐवजी भरपूर वाढलेलं, प्लेटलेट बऱ्याच जणांत जवळपास नॉर्मल, पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) थोडासाच लांबलेला, आणि डी-डायमर मात्र आकाशाला. म्हणजे सामान संपलेलं नाही, लिव्हर अजून बनवतच आहे, आणि गोठणं चालूच आहे. वुहानच्या पेशंटमधला तो कोलमडलेला प्रकार शेवटच्या टप्प्यातला, सुरुवात अशी होते.

सुरुवात होते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरापासून. निरोगी अस्तर रक्ताला गोठू देत नाही, हे त्याचं रोजचं काम. फुफ्फुसात व्हायरसमुळे सूज आली, त्या पेशी दुखावल्या, की टिश्यू फॅक्टर उघडा पडतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू. दुखावलेल्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर बाहेर पडतो, त्याला प्लेटलेट चिकटतात. पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, जंतू पकडायला आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतात, त्या जाळ्यातही प्लेटलेट अडकतात. आयएल-६ हे सूज वाढवणारं रसायन वाढलं की लिव्हर फायब्रिनोजेन जास्त बनवते. आणि ह्यात भर म्हणजे पीएआय-१ वाढतं, ते जाळी कापणाऱ्या यंत्रणेला अडवून धरतं. मुळात ही शरीराची जुनी संरक्षणाची पद्धत आहे, जंतू जिथे आहे तिथेच त्याला कोंडायचं, थोड्या प्रमाणात झालं तर फायद्याचंच, हाताबाहेर गेलं की मग फुफ्फुसातल्या केसाएवढ्या नळ्याच बंद पडायला लागतात. त्यात माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळलेला, ताप, खाणं-पिणं बंद, एप्रिल-मे असेल तर आपल्याकडचं ४४-४५ डिग्री ऊन, रक्ताचा प्रवाह पायात मंदावलेला. अस्तराला इजा, प्रवाह मंद, रक्त गोठायला उतावीळ, हे त्रिकूट व्हिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून शिकवली जाते, कोविडने ते तिन्ही एकाच पेशंटमध्ये एकदम दाखवली.

मोठी गुठळी आणि बारीक गुठळी ह्यातला फरक तुम्ही केळीवाले असाल तर लगेच समजेल. ठिबकची मेन लाईन चालू आहे, प्रेशर आहे, आणि तरी निम्म्या बागेला पाणी नाही कारण ड्रीपर चोंदलेत. कोविडच्या फुफ्फुसात हे दोन्ही होतं, कधी मेन लाईनमध्येच मोठी गुठळी अडकते, आणि कधी शेवटच्या केशवाहिन्यांत हजारो बारीक गुठळ्या. २०२० मध्येच एका अभ्यासात कोविडने गेलेल्या सात आणि स्वाइन फ्लूने गेलेल्या सात जणांची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी तपासली, केशवाहिन्यांतल्या गुठळ्या कोविडमध्ये नऊ पट होत्या. म्हणजे फ्लूमध्ये होत्याच, पण कोविडमध्ये फार जास्त. हवा आत जातेय पण तिथे रक्त पोचत नाही, आणि जिथे रक्त जातंय तिथे हवा नाही, मग ऑक्सिमीटरवर ८५ आणि माणूस मोबाईलवर बोलतोय असं जे तेव्हा दिसायचं त्यात ह्याचाही वाटा होता.

ह्यातच एक गैरसमज मला फार सतावतो. 'एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) केला ना, त्यात गुठळी आली नाही.' अहो, साध्या एचआरसीटीत गुठळी दिसतच नाही! त्यात फुफ्फुसाचा न्यूमोनिया दिसतो, तो पंचवीसपैकी स्कोअर दिसतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी बघायची तर शिरेतून डाय सोडून सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी करावी लागते, आणि डायने किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून आधी क्रिएटिनिन बघावं लागतं, शुगरवाल्याचं तर नक्कीच. पायातली गुठळी बघायला डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. आणि त्या हजारो बारीक गुठळ्या अँजिओतही दिसत नाहीत, त्यांचा अंदाज ऑक्सिजन, बाकी तपासण्या आणि पेशंटची एकूण चाल ह्यावरूनच बांधावा लागतो.

आता तुम्ही विचाराल, गुठळ्या होतात हे कळलं तर सगळ्यांना रक्त पातळ करायची औषधं द्या की. हेच २०२० मध्ये जगभर सगळ्यांना वाटलं, आणि इथूनच गोष्ट मजेदार होते. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, त्याचा कमी डोस असतो, गुठळी होऊ नये म्हणून, इनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा पोटाच्या कातडीखाली, आबांना मिळालं ते हेच. आणि पूर्ण डोस असतो, गुठळी झालेल्याला देतात तो, वजनाच्या हिशेबाने दिवसातून दोनदा. काही ठिकाणी डी-डायमर बघून सरसकट पूर्ण डोस सुरू झाले. मग तीन मोठ्या ट्रायलवाल्यांनी मिळून हिशेब मांडला, ऑगस्ट २०२१ मध्ये छापून आला. वॉर्डातल्या, म्हणजे अ‍ॅडमिट आहेत पण व्हेंटिलेटर वगैरेची पाळी आलेली नाही अशा २,२१९ पेशंटमध्ये पूर्ण डोसचा फायदा झाला, यंत्राचा आधार न लागता घरी गेलेले ८०.२ टक्के, नेहमीच्या डोसवर ७६.४ टक्के. मोठा रक्तस्राव १.९ विरुद्ध ०.९ टक्के. आणि आयसीयूतल्या सुमारे अकराशे पेशंटमध्ये? काहीच फायदा नाही, वाचलेले ६२.७ विरुद्ध ६४.५ टक्के, उलट रक्तस्राव वाढला, ३.८ विरुद्ध २.३.

म्हणजे ज्याच्या गुठळ्या जास्त, जो जास्त गंभीर, त्यालाच जास्त औषधाचा उपयोग नाही! माझ्या मते ह्या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तीच लोकांपर्यंत पोचली नाही. बहुधा तोपर्यंत फुफ्फुसाचं नुकसान होऊन गेलेलं असतं, सूज एवढी की हेपरिनने फक्त गोठणं अडवून भागत नाही, आणि सुजलेल्या नाजूक फुफ्फुसात रक्तस्रावाची भीती वेगळी. गोठणं हे आजार वाढल्याचा परिणाम आहे आणि आजार आणखी वाढवणारं कारणही आहे, दोन्ही एकदम, आणि कारण म्हणून त्याला हात घालायची वेळ लवकरची असते. ऑक्सिजनवरच्या कोविड पेशंटमध्ये आधी फरक पाडला तो साध्या डेक्सामेथासोन नावाच्या स्टिरॉइडने, ६ मिलिग्रॅम रोज, जून २०२० मध्ये कळलं, व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे गोठण्याच्या मागे जी सूज होती तिला धरावं लागलं. आयसीयूत आकड्याच्या मागे लागून डोस वाढवत गेलेल्यांना मात्र काही हाती लागलं नाही.

चुलतभावाच्या इकोस्प्रिनचं पण बघू. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये अ‍ॅडमिट असलेल्या १४,८९२ कोविड पेशंटमध्ये अ‍ॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम रोज देऊन पाहिलं, दोन्हीकडे मृत्यू १७ टक्के. गुठळ्या किंचित कमी, ५.३ वरून ४.६, आणि मोठा रक्तस्राव १.० वरून १.६. जेवढं मिळालं तेवढंच गेलं. घरी बसून सौम्य कोविड झालेल्यांत अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅपिक्साबॅन दोन्ही तपासून झालं, अमेरिकेत, गुठळ्या मुळात इतक्या कमी झाल्या की ट्रायल मध्येच थांबवली. डिस्चार्जनंतरचं म्हणाल तर ब्राझीलच्या एका ट्रायलमध्ये ज्यांना गुठळीचा धोका खरोखर जास्त होता अशाच निवडक कोविड पेशंटना रिव्हरोक्साबॅन (अ‍ॅपिक्साबॅनसारखीच गोळी) १० मिलिग्रॅम ३५ दिवस दिलं, तिथे त्रास ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. निवडक, कोविडचे, आणि ३५ दिवस. इकोस्प्रिन अधिक अ‍ॅपिक्साबॅन, तीन महिने, फ्लूनंतर, हा कोर्स चुलतभावाने कुठून काढला ते त्यालाच ठाऊक. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्रावाचा धोका किती वाढतो हे त्याला विचारा. आबांचं वय ६६, त्यात हॉस्पिटलमध्ये स्टिरॉइड मिळालं असेल, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून पेनकिलरही घेत असतील, आपल्याकडे सगळेच घेतात, अशा माणसाला पोटातून रक्तस्राव झाला की संडास डांबरासारखी काळी होते आणि घरच्यांना चक्कर येऊन पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

तेव्हा आबांना नवीन काही चालू करू नका. पण एक उलटीही गोष्ट लिहितो कारण काही लोक एवढं वाचून आधीची गोळी बंद करतील. ज्यांना स्टेंट बसलीय, अटॅक किंवा लकवा होऊन गेलाय, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, आणि म्हणून इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन, अ‍ॅपिक्साबॅन आधीपासून चालू आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ताप आला की डॉक्टरला सांगायचं की ही गोळी चालू आहे, एवढंच.

फ्लूचं काय, तर कोविडइतका तो रक्त गोठवत नाही पण निरुपद्रवीही नाही. कॅनडातल्या ओंटारिओच्या २०१८ च्या अभ्यासात फ्लू टेस्टने पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहा पट निघालं. कारण हेच, अंगात सूज, प्लेटलेट चिकट, आधीच चरबी साचलेल्या शिरेवर गुठळी. म्हणून फ्लूमध्ये शुगर-बीपीवाल्या माणसाच्या छातीत दुखलं तर 'खोकून खोकून दुखतंय' म्हणून सोडू नका, ईसीजी काढा. आणि आबा नीट बरे झाले की दरवर्षी फ्लूची लस, ह्या सगळ्या गोळ्यांपेक्षा त्यांना तिचा उपयोग जास्त आहे.

लसीवरून आईचा मुद्दा. कोविशिल्डसारख्या लसीनंतर फार क्वचित एक गुठळीचा प्रकार होतो हे खरं आहे, २०२१ पासून माहीत आहे, २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदपत्रावरून आपल्याकडे परत बातम्या आल्या तेव्हा लोकांना ते नवीन वाटलं. त्यात प्लेटलेट फॅक्टर ४ विरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, प्लेटलेट पडतात आणि मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरेत गुठळी होते, आणि ते लसीनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत होतं. चार-पाच वर्षांनी फ्लूमधून डी-डायमर वाढायचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईंना एवढंच सांगा.

एक गोष्ट खास आपल्या भागासाठी, शहरातले डॉक्टर हे विसरतात. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर-चोपड्याचा सातपुड्याकडचा पट्टा, इथल्या पावरा-भिल्ल समाजात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, बऱ्यापैकी आहे. सिकलसेलच्या पेशंटचा डी-डायमर आजार नसतानाही वाढलेला असतो, त्यामुळे आकड्यावर काहीच ठरत नाही. पण त्याला साधा व्हायरल खोकला झाला, ताप आला आणि छातीत दुखायला लागलं तर ते अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम असू शकतं, विळ्याच्या आकाराच्या पेशी फुफ्फुसातच अडकतात, आणि माणूस एका रात्रीत खालावतो. अशा पोराला पेनकिलर देऊन घरी ठेवायचं नाही, थेट अ‍ॅडमिट. तुमच्या शेतावर कामाला असणाऱ्या कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर हे त्यांच्याही कानावर घाला.

आता आबांकडे काय बघायचं. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, दाबलं की कळ येते, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, तर डॉपलर. तेल लावून चोळत बसू नका. बरे होत असताना एकदम दम लागायला लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्ताची रेघ आली, चक्कर येऊन पडले, किंवा बसल्या जागी नाडी १०० च्या वर राहतेय, तर त्याच तासाला निघा, डी-डायमरच्या रिपोर्टची वाट बघत गावात थांबू नका, त्यांच्यात ती टेस्ट आत्ता वाढलेलीच येणार, तेव्हा सरळ अँजिओची सोय असलेल्या ठिकाणी. ऑक्सिमीटर घरात असेलच, बोटाला लावून सहा मिनिटं ओट्यावर चालवा, ९४ च्या खाली किंवा तीन-चारने पडला तर दाखवा. बाकी रोज सकाळ-संध्याकाळ फिरू द्या, पाहुण्यांनी 'झोपून राहा आबा' म्हटलं तरी. डॉक्टरने पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर पाणी भरपूर. सुरत-मुंबईचा लांबचा प्रवास दोन-तीन आठवडे पुढे ढकलला तर बरं, जावंच लागलं तर दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करायचे. एकदा क्रिएटिनिन करून घ्या. लसूण, अर्जुनसाल वगैरेंचं विचारलंत, भाजीतल्या लसणाला माझी ना नाही, पण 'रक्त पातळ होतं' म्हणून वेगळे काढे देऊ नका.

घरातल्या बायकांसाठी ओघात आलं म्हणून लिहितो, कानबाईच्या सणाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील आणि तेव्हाच फ्लू-कोविडने अंथरूण धरलं, तर डॉक्टरला त्या गोळ्यांचं आवर्जून सांगा. कुणी स्वतःहून सांगत नाही आणि डॉक्टरही विचारायला विसरतात.

राहिला लहान भाऊ. वय ३१, दोन दिवस ताप, अंगदुखी, ऑक्सिजन ९८, चालता-फिरता आहे. त्याला डी-डायमर कशाला? वाढलेला आला तर तुम्ही रात्रभर जागणार आणि उपचार तसूभरही बदलणार नाही. सीबीसी, डेंग्यूचं एनएस-१, मलेरियाची तपासणी, हे करा. आणि तापात त्याला इकोस्प्रिन, डिस्प्रिन, कॉम्बिफ्लॅम ह्यातलं काही द्यायचं नाही, फक्त पॅरासिटामॉल, कारण पावसाळ्यानंतरचा हा ताप डेंग्यूचा निघाला तर प्लेटलेट आधीच पडतायत आणि वरून अ‍ॅस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. घरात लहान मुलं तापली असतील तर त्यांना अ‍ॅस्पिरिन बिलकुल नाही, फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिनने मुलांना लिव्हर आणि मेंदूचा गंभीर त्रास होऊ शकतो. भावाचा सीबीसी आला की प्लेटलेटच्या जोडीला हिमॅटोक्रिट किती आहे तो आकडा पण इथे टाका, आणि ह्या वेळी एककासकट.